परक्या ताऱ्यांचे प्रवासी आणि आपला पहारा

धूमकेतूंविषयीचे भय आणि कुतूहल ही दोन्ही मनुष्यजातीइतकीच प्राचीन असली, तरी 2017 सालापूर्वी मनुष्याने जेवढे म्हणून धूमकेतू पाहिले, जेवढ्या लघुग्रहांची गणना केली आणि जेवढ्या उल्का त्याच्या डोळ्यांदेखत जळून गेल्या, त्या सर्वांविषयी ज्योतिर्विदांची एकच समजूत होती, आणि ती बहुतांशी यथार्थही होती, की ही मंडळी कितीही दुरून येत असली तरी अखेर आपल्याच सूर्याच्या अंमलाखालची आहेत; साडेचार अब्ज वर्षांपूर्वी ज्या वायुमेघातून सूर्य, पृथ्वी आणि इतर ग्रह जन्मास आले त्याच मेघाचे ते उरलेले द्रव्य होय. 19 ऑक्टोबर 2017 रोजी हवाई द्वीपसमूहातील माउई बेटावर, हालेआकाला शिखरावरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रांत रॉबर्ट वेरिक या संशोधकाला वेगाने सरकणारा एक क्षीण बिंदू आढळला, आणि त्याच्या मार्गाचे गणित पुरे होताच ही समजूत कायमची मागे पडली. त्या वस्तूला पुढे ओउमुआमुआ हे नाव मिळाले. 2019 मध्ये बोरिसॉव धूमकेतू आला, 2025 मध्ये ॲटलास धूमकेतू आला. आणि दुसऱ्या ताऱ्याच्या परिसरात जन्मून आपल्या सूर्यमालेतून पार होणाऱ्या अशा या तीनच वस्तूंची आजवर निर्विवाद नोंद झालेली आहे. या तिन्ही शोधांचा वृत्तान्त साक्षेपाने वाचला असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते, आणि तिच्याकडे आपल्या सरकारदरबारी, विद्यापीठांत व वृत्तपत्रांत जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच: हे प्रवासी ज्यांच्या दृष्टीस प्रथम पडले ते त्यांच्या शोधार्थ निघालेले नव्हते, अन्य प्रयोजनाने, परंतु रोज रात्री नेमाने, आकाशावर पाळत ठेवणारे ते लोक होते.

परका कोण हे ठरविण्याची कसोटी तशी जुनीच आहे. जी वस्तू सूर्याच्या आकर्षणाने बांधलेली असते ती विवृत्ताकार कक्षेत फिरते आणि तिच्या कक्षेची विकेंद्रता एकाहून कमी भरते. आणि जिच्या अंगी ते बंधन तोडण्याइतका वेग असतो तिची कक्षा अपास्ताकार होऊन विकेंद्रता एकाच्या वर जाते. ओउमुआमुआच्या बाबतीत हा आकडा 1.2, बोरिसॉवच्या बाबतीत 3.36, तर ॲटलासच्या बाबतीत सहाच्याही वर निघाला. तथापि केवळ एकाहून अधिक विकेंद्रता एवढाच पुरावा पुरेसा मानता येत नाही, कारण 1980 मध्ये उजेडात आलेला बॉवेलचा धूमकेतू हा आपल्याच सूर्यमालेतला असूनही त्याच वर्षाच्या अखेरीस गुरूजवळून जाताना असा काही ओढला गेला की त्याची विकेंद्रता 1.05 च्या वर गेली आणि तो सूर्याच्या मुलखातून कायमचा हद्दपार झाला. म्हणून गणित उलट्या दिशेने करावे लागते. ग्रहांच्या ओढीचा परिणाम वजा करून, सूर्यापासून अतिदूर असताना त्या वस्तूचा मूळ वेग काय होता ते काढावे लागते. तो वेग ओउमुआमुआचा सेकंदाला सुमारे 26 किलोमीटर, बोरिसॉवचा 32 आणि ॲटलासचा 58 किलोमीटर निघतो. एवढा वेग आपल्या कोणत्याही ग्रहाने दिलेला असणे शक्य नाही. बॉवेलच्या धूमकेतूचा हा प्रसंग येथे आणखी एका कारणाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गुरूने त्याला जसे बाहेर भिरकावले, तसेच दूरच्या ताऱ्यांभोवतीचे महाकाय ग्रह आपल्या परिसरातील हिमखंड व शिळाखंड युगानुयुगे बाहेर भिरकावीत असले पाहिजेत, आणि ताऱ्यांमधील अवकाश अशा निर्वासित द्रव्याने भरलेला असला पाहिजे, हे अनुमान शास्त्रज्ञांनी कित्येक दशकांपूर्वीच बांधले होते; उणीव होती ती प्रत्यक्ष दाखल्याची.

दाखला आला तेव्हा तो लिहून ठेवण्यास दफ्तरात रकानाच नव्हता, ही हकीकत मला फार बोलकी वाटते. आकाशातील लघुग्रह व धूमकेतू यांची अधिकृत नोंद अमेरिकेतील केंब्रिज येथील अल्पग्रह केंद्र ठेवते. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या वतीने चालणारे हे कार्यालय म्हणजे सूर्यमालेचे जन्ममृत्यूचे रजिस्टरच होय. तेथे ही नवी वस्तू आधी धूमकेतू म्हणून दाखल झाली, कारण अशी लांबट, तिरपी कक्षा धूमकेतूंचीच असते. मोठ्या दुर्बिणींनी पाहिले तेव्हा तिच्याभोवती वायूचे अथवा धुळीचे यत्किंचितही आवरण दिसेना, म्हणून धूमकेतूची संज्ञा काढून लघुग्रहाची देण्यात आली. आणि तीही पटेना तेव्हा, नोव्हेंबर 2017 मध्ये, आंतरतारकीय वस्तूंसाठी एक स्वतंत्र वर्गच निर्माण करून तिला त्या वर्गातील पहिला क्रमांक बहाल करण्यात आला. तीन आठवड्यांच्या आत एखाद्या कार्यालयाने आपल्या नोंदीत दोनदा फेरफार करावा, आणि तो कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर केवळ नवा पुरावा पुढे आला म्हणून करावा, ही विज्ञानाच्या कारभाराची रीत आपल्याकडील अनेक कचेऱ्यांनी अभ्यासावी अशी आहे.

आता शोध लावणाऱ्या साधनांकडे पाहू. आज पृथ्वीवर आठ ते दहा मीटर व्यासाच्या आरशांच्या प्रचंड दुर्बिणी आहेत. त्यांच्या वेळेचा एकेक तास मिळविण्यासाठी विद्वानांना अर्ज करावे लागतात आणि त्या अर्जांची छाननी महिनोन्‌महिने चालते. परंतु या तिघांपैकी एकही प्रवासी त्या दुर्बिणींना प्रथम दिसला नाही. पॅन-स्टार्सचा आरसा 1.8 मीटरचा. बोरिसॉवची दुर्बीण 65 सेंटिमीटरची. 1 जुलै 2025 रोजी तिसरा प्रवासी टिपणारी, चिलीतील रिओ उर्तादो येथील, ॲटलास याच नावाच्या सर्वेक्षणाची दुर्बीण तर अवघ्या अर्ध्या मीटरची. पॅन-स्टार्स आणि ॲटलास या दोन्ही व्यवस्था मुळात पृथ्वीवर येऊन आदळू शकतील अशा लघुग्रहांची आगाऊ वार्ता मिळावी म्हणून चालविल्या जातात. ॲटलासच्या एका छायाचित्रात शंभराहून अधिक पूर्णचंद्र मावतील एवढे विशाल क्षेत्र सामावते, आणि दर एक-दोन रात्रींत तिच्या चौक्या मिळून दिसण्याजोगे सारे आकाश एकदा पिंजून काढतात. मोठ्या दुर्बिणीला कोठे पाहावयाचे हे आधी सांगावे लागते. लहान आरशाच्या परंतु विस्तीर्ण दृष्टीच्या या दुर्बिणी गावच्या जागल्यासारख्या असतात. कोण येणार हे ठाऊक नसतानाही त्या रोज सगळ्या वाटा पाहून घेतात.

गेनादी बोरिसॉव यांच्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. क्रिमियातील एका खगोलीय केंद्रावर अभियंता म्हणून नोकरी करणारा हा मनुष्य, आपल्या फावल्या वेळात, स्वतः घडविलेल्या दुर्बिणीतून नवे धूमकेतू धुंडाळीत असे. 30 ऑगस्ट 2019 च्या पहाटे त्याने दुर्बीण क्षितिजालगत, सूर्योदयाच्या दिशेकडे वळविली होती. आकाशाचा हा भाग मोठी सर्वेक्षणे सहसा सोडून देतात, कारण तेथे संधिप्रकाश असतो, हवेचा थर जाड असतो आणि निरीक्षणास जेमतेम काही मिनिटे मिळतात. ज्या कोपऱ्याकडे कोट्यवधी डॉलरांची साधने पाहत नव्हती, त्याच कोपऱ्यात त्या एका मनुष्याच्या चिकाटीला दुसऱ्या सूर्याचा धूमकेतू गवसला, आणि तोही सूर्याच्या निकट येण्यापूर्वी तीन महिन्यांहून अधिक काळ आधी. या आगाऊ मुदतीचे मोल केवढे आहे हे ओउमुआमुआशी तुलना केली म्हणजे कळते. ओउमुआमुआ सूर्याच्या अगदी जवळून 9 सप्टेंबर 2017 रोजीच निघून गेला होता; तो दृष्टीस पडला तेव्हा परतीच्या वाटेला लागून चाळीस दिवस झाले होते, आणि जानेवारी 2018 च्या आरंभी हबल दुर्बिणीने घेतलेल्या अखेरच्या वेधांनंतर तो कोणत्याही साधनाला दिसेनासा झाला. सुमारे अडीच महिन्यांच्या त्या तुटपुंज्या निरीक्षणावर आज आठ वर्षे वाद चालू आहे. बोरिसॉव मात्र येताना सापडला, म्हणून त्याची अंतर्बाह्य तपासणी करता आली.

त्या तपासणीतून जे निष्पन्न झाले ते मला कोणत्याही अद्भुत कादंबरीहून अधिक विस्मयकारक वाटते. हबल दुर्बीण आणि चिलीतील आल्मा ही रेडिओ वेधशाळा या दोघींनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की बोरिसॉवमधून बाहेर पडणाऱ्या वायूत, पाण्याच्या वाफेच्या मानाने, कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण आपल्या नेहमीच्या धूमकेतूंपेक्षा कितीतरी अधिक आहे. हा वायू गोठून राहण्यास उणे 250 अंश सेल्सियसच्या आसपासची थंडी लागते. अर्थात तो धूमकेतू आपल्या जन्मदात्या ताऱ्यापासून फार दूर, अतिशीत प्रदेशात घडला असला पाहिजे. पोलंडच्या दोन शास्त्रज्ञांना त्याच्या वायूत निकेल धातूचे बाष्प आढळले, आणि सूर्यापासून इतक्या दूर, धातू वितळण्याची वार्ताही नसता ते बाष्प आले कोठून हा नवाच प्रश्न उभा राहिला. सहा वर्षांनी ॲटलास आला तेव्हा त्याच्याही वायूत निकेल सापडले. जेम्स वेब दुर्बिणीने 6 ऑगस्ट 2025 रोजी त्याचे वेध घेतले असता कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण पाण्याच्या सुमारे आठपट दिसले. आपल्या धूमकेतूंत हे प्रमाण सहसा उलटे असते. हबलच्या छायाचित्रांवरून त्याच्या गाभ्याचा व्यास फार तर साडेपाच किलोमीटर ठरविता आला. त्याच्या वेगावरून आणि दिशेवरून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी असे अनुमान काढले आहे की तो आकाशगंगेच्या वृद्ध ताऱ्यांच्या जाड पट्ट्यातून आला असावा आणि त्याचे वय सात अब्ज वर्षांहून अधिक असण्याचा संभव आहे. हे अनुमान संख्याशास्त्रीय आहे, जन्मदाखला नव्हे. परंतु ते खरे असेल तर आपल्या सूर्याचा जन्मही झालेला नव्हता तेव्हा गोठलेले बर्फ 29 ऑक्टोबर 2025 च्या सुमारास मंगळाच्या कक्षेच्या किंचित आत येऊन, सूर्याच्या उन्हात वाफ होऊन उडाले, आणि त्या वाफेचे पृथक्करण आपण येथे बसून केले. दुसऱ्या ताऱ्याकडे जाऊन तेथील द्रव्य आणण्याचे सामर्थ्य मनुष्यास आणखी कित्येक शतके लाभण्याचे चिन्ह नाही. ते द्रव्य आपण होऊन दारात येते तेव्हा ते वाचून घेण्याची तयारी ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.

ओउमुआमुआचे कोडे निराळे. त्याचे तेज काही तासांच्या अवधीत जवळजवळ दहापट कमीजास्त होई, ज्यावरून तो अतिशय लांबट अथवा चपटा असून गडगडत चालला असावा असे दिसते. जून 2018 मध्ये मार्को मिकेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सिद्ध केले की तो केवळ गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने जितक्या गतीने दूर जावयास हवा त्याहून किंचित अधिक गतीने जात आहे. धूमकेतूतून उसळणारे वायू त्याला असाच धक्का देतात, परंतु येथे वायूचा मागमूसही नव्हता. यावर हार्वर्डच्या आवी लोब यांनी शमुएल बियाली यांच्यासमवेत अशी उपपत्ती मांडली की सूर्यप्रकाशाच्या दाबाने ढकलले जाणारे ते एखादे अतिपातळ शीड असू शकेल, आणि कदाचित ते परक्या बुद्धिमंतांनी घडविलेले असेल. काहींनी गोठलेल्या हायड्रोजनची, काहींनी प्लूटोसारख्या एखाद्या ग्रहाच्या पृष्ठावरून उडालेल्या नायट्रोजन-हिमाची कल्पना मांडली. 2023 मध्ये जेनिफर बर्गनर आणि डॅरिल सेलिगमन यांनी दाखविले की दीर्घ प्रवासात वैश्विक किरणांच्या माऱ्याने साध्या पाण्याच्या बर्फातच हायड्रोजन वायू कोंडून राहतो, आणि बर्फ तापले म्हणजे तो धूळ न उडविता निसटून एवढा धक्का देऊ शकतो. मला हा शेवटचा खुलासा सर्वांत सरळ वाटतो, कारण त्यासाठी कोणतेही अपरिचित द्रव्य गृहीत धरावे लागत नाही.

लोब यांनी प्रश्न विचारला म्हणून त्यांच्यावर तुटून पडावे असे मी मानीत नाही. परक्या बुद्धीच्या खुणा शोधणे हा विज्ञानाचा वैध उद्योग आहे. ओउमुआमुआ अमेरिकेतील ग्रीन बँक येथील मोठ्या रेडिओ दुर्बिणीने कान लावून ऐकलाही गेला, आणि काहीही ऐकू आले नाही. आक्षेप आहे तो उपपत्तीची पायरी ओलांडून तिला बातमीची पायरी देण्यास. या संदर्भात मला जयंत नारळीकर यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. त्यांचे 20 मे 2025 रोजी पुण्यात निधन झाले, आणि त्यानंतर सहाच आठवड्यांनी ॲटलास सापडला. विश्वोत्पत्तीविषयी बहुसंख्यांहून वेगळे मत त्यांनी आयुष्यभर बाळगले. जीवनाचे बीज अवकाशातून पृथ्वीवर उतरत असेल या फ्रेड हॉयल व चंद्रा विक्रमसिंघे यांच्या कल्पनेकडेही ते आस्थेने पाहत. परंतु त्या कल्पनेचे करायचे काय, याचे त्यांचे उत्तर असे की 2001 मध्ये हैदराबादहून इस्रोच्या सहकार्याने फुगा सोडून, 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणून, ती प्रयोगशाळांत तपासावयास दिली. धाडसी कल्पना आणि काटेकोर रुजुवात यांची ही सांगड आयुकासारख्या संस्थेच्या पायाभरणीत त्यांनी घातली. फलज्योतिषाच्या दाव्यांचीही त्यांनी अशीच प्रत्यक्ष चाचणी घेतली होती, त्यांची नुसती निंदा करून ते थांबले नव्हते.

2025 च्या शरदात मात्र रुजुवातीपेक्षा आवईच अधिक पसरली. 1910 साली हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू आढळला आणि पृथ्वी त्या शेपटीतून जाणार असे कळले, तेव्हा अमेरिकेत धूमकेतूवरच्या गोळ्या विकल्या गेल्या. आणि 2019 मध्ये बोरिसॉवच्या आवरणात सर्वप्रथम ओळखला गेला तो वायू सायनोजेनच्याच कुळातला होता, पण त्याचे कोणास भय वाटले नाही, कारण या शंभर वर्षांत तेवढे ज्ञान वाढले होते. 2025 मध्ये भयाने दुसरे रूप घेतले. ॲटलास हे यान आहे, ते सूर्याच्या आड दडून वळण घेणार आहे, सरकार काहीतरी लपवीत आहे, अशा वार्ता मोबाइलवरून आपल्याकडील तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या. या अफवांना बळ मिळाले ते एका प्रशासकीय योगायोगाने, आणि त्याचा विचार अधिक गांभीर्याने व्हावयास हवा. ॲटलास 3 ऑक्टोबर रोजी मंगळापासून सुमारे तीन कोटी किलोमीटरवरून गेला, आणि मंगळाभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने त्याची छायाचित्रे घेतली. परंतु अंदाजपत्रकावरील तंट्यामुळे 1 ऑक्टोबरपासून अमेरिकेच्या संघराज्य सरकारचे कामकाज बंद पडले होते; ते 12 नोव्हेंबरपर्यंत सुरू झाले नाही, आणि नासाने ती छायाचित्रे प्रसिद्ध केली तेव्हा 19 नोव्हेंबर उजाडला. युरोपीय अवकाश संस्थेने मात्र मंगळाजवळच्या आपल्या यानाने घेतलेले चित्र ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यानंतर लगेच लोकांपुढे ठेवले होते. दीड महिना बंद राहिलेल्या कचेरीच्या दाराबाहेर लोक तर्क करीत बसतात, यात लोकांचा अपराध अल्पच आहे. वृत्तपत्रांचा अपराध मात्र अधिक, कारण युरोपचे चित्र उपलब्ध असताना ते छापण्याऐवजी अनेकांनी प्रश्नचिन्हांकित मथळे छापले. वृत्तपत्राचा धर्म बातमी देण्याचा आहे. शंका विकण्याचा व्यापार त्यात बसत नाही.

आपणही अवकाशात असे प्रवासी धाडले आहेत. 1977 मध्ये निघालेली दोन्ही व्हॉयेजर याने आज सूर्यवाऱ्याच्या सीमेपलीकडे गेली आहेत, पहिले 2012 मध्ये आणि दुसरे 2018 मध्ये. आणि त्यांवरील सोनेरी तबकडीत मराठीतील अभिवादन आहे, तसेच गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी आहे. पहिले व्हॉयेजर 5 सप्टेंबर 1977 रोजी सुटले आणि अकरा दिवसांनी केसरबाई निवर्तल्या. ते यान सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर या वेगाने चालले आहे, म्हणजे ॲटलासच्या वेगाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. दुसऱ्या एखाद्या ताऱ्यापासून दीड-पावणेदोन प्रकाशवर्षांइतक्या अंतरावरून जाण्यासही त्याला चाळीस हजार वर्षे लागतील. ते यान मोटारीएवढे. ओउमुआमुआ त्याहून कितीतरी मोठा असून आपल्याला जेमतेम दिसला. या प्रमाणांचा विचार केला म्हणजे परकी वस्तू ओळखण्यास किती अखंड आणि किती सूक्ष्म पाळत लागते हे कळून येते.

ही पाळत आज पृथ्वीच्या गोलावर सारखी वाटलेली नाही. ॲटलासच्या चौक्या हवाईत, चिलीत, दक्षिण आफ्रिकेत आहेत. भारताच्या रेखांशावर नाहीत. चिलीतच सेरो पाचोन येथे 8.4 मीटर आरशाची नवी व्हेरा रूबिन वेधशाळा उभी राहिली असून जून 2025 मध्ये तिची पहिली चित्रे प्रसिद्ध झाली. ॲटलासचा धूमकेतू अधिकृतपणे सापडण्यापूर्वी दहा दिवस तो तिच्या चाचणी-छायाचित्रांत टिपला गेला होता, असे मागाहून आढळले. ती वेधशाळा दहा वर्षे सर्वेक्षण करणार आहे आणि अशा वस्तूंची संख्या तीनवरून वाढविल्याशिवाय राहणार नाही. परंतु चिलीत दिवस उगवतो तेव्हा तिचेही डोळे मिटतात. आफ्रिका आणि हवाई यांच्यामधल्या आशियाच्या रेखांशांवर ॲटलासची चौकी नाही, आणि वेगाने जाणाऱ्या वस्तूच्या बाबतीत एकेक तास मोलाचा असतो. ही पोकळी भारताने भरून काढावी. आपल्यापाशी आरंभ झालेलाच आहे. लडाखमधील हानले येथे, साडेचार हजार मीटर उंचीवर, भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि मुंबईची आयआयटी यांनी मिळून उभारलेली 70 सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया ही स्वयंचलित दुर्बीण 2018 पासून काम करीत आहे. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीने नोव्हेंबर 2025 मध्ये माउंट अबूवरील आपल्या 1.2 मीटर दुर्बिणीतून ॲटलासचे वेध घेतले. ही कामे उत्तम आहेत, परंतु ती इतरांनी शोधलेल्या वस्तूच्या मागोमाग जाण्याची कामे आहेत. सर्व आकाश रोज पाहून घेणारी, त्याच कामास वाहिलेली चौकी आपल्यापाशी नाही.

ती महाराष्ट्रात उभारावी असा प्रादेशिक आग्रह मी धरणार नाही. आयुकाची दोन मीटरची दुर्बीण पुण्याच्या उत्तरेस गिरवली येथे आहे, आणि तेथील कार्यकर्त्यांना ठाऊकच आहे की जूनपासून सप्टेंबरपर्यंत सह्याद्रीवर मेघांचे राज्य असते. ॲटलास सापडला ती 1 जुलैची रात्र आपल्याकडे ऐन आषाढातली होती. पर्जन्यछायेत असलेले हानले हेच तिचे योग्य स्थान. 2022 मध्ये त्या परिसरास काळोख-संरक्षित क्षेत्र म्हणून मान्यताही मिळाली आहे. महाराष्ट्राने द्यावयाची ती माणसे आणि पैसा. 1944 पासून पुण्यात चालू असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचे खगोल मंडळ, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील लहान आकाशदर्शन मंडळे यांच्यापाशी बोरिसॉव यांच्या जातीचे, रात्र रात्र जागणारे लोक आहेत. त्यांना पहाटेच्या व संधिप्रकाशाच्या आकाशाचा कोपरा नेमून द्यावा, उसनी नव्हे तर स्वतःची कॅमेरायुक्त दुर्बीण द्यावी, आणि त्यांच्या नोंदी अल्पग्रह केंद्राकडे जाण्याची शिस्तबद्ध व्यवस्था आयुकाने करावी. त्यांना काळोखही द्यावा लागेल. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले काळोख-आकाश उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, कारण वनखात्याने सभोवतीच्या गावांतील दिवे जमिनीकडे वळते केले. हे जे नागपूर जिल्ह्यात साधले ते मराठवाड्यातील आणि खानदेशातील एकेका तालुक्यात साधण्यास कोणताही नवा कायदा लागत नाही, ग्रामपंचायतीचा ठराव आणि वीजखात्याचे सहकार्य एवढे पुरते.

युरोपीय अवकाश संस्थेचे धूमकेतूची वाट पाहत थांबणारे यान 2029 मध्ये सुटावयाचे आहे. पृथ्वीपासून पंधरा लक्ष किलोमीटरवर ते थांबून राहील, आणि योग्य धूमकेतू, जमल्यास परक्या ताऱ्याचासुद्धा, वेळेवर दिसला तर त्याच्या भेटीस निघेल. त्याला वेळेवर वर्दी देण्याचे काम जमिनीवरील चौक्यांचेच आहे. हानलेच्या चौकीसाठी केंद्राने आणि महाराष्ट्राने मिळून तरतूद करावयाची झाल्यास तीत केवळ इमारतीचा आणि आरशाचा खर्च धरून भागणार नाही. दर रात्री दुर्बीण चालवणारे, आरसे पुसणारे आणि छायाचित्रे पारखणारे जे लोक लागतील त्यांच्या जागा कंत्राटी न ठेवता कायम असाव्यात, आणि त्यांच्या नेमणुकांचा हुकूम पायाभरणीच्या दगडाबरोबरच निघावा.